कण्हदास सोनार आणि पितळखोऱ्याचे पंखवाले प्राणी

मंडळी, गेल्या आठवड्यात आपल्या खान्देशच्या एका ग्रुपवर पितळखोऱ्याचा फोटो फिरत होता. खांबाच्या डोक्यावर पाठीला पाठ लावून बसलेले दोन प्राणी, आणि त्यांना चक्क पंख. खाली कुणीतरी लिहिलं, "हे ग्रीकांनी कोरलंय, आपल्याकडे तेव्हा कुठे होती अशी कला." झालं. दुसऱ्याने लगेच उत्तर दिलं की आपल्याकडे बाहेरून कधीच काही आलेलं नाही, सगळं इथूनच तिकडे गेलं. दीडशे कमेंट झाल्या, दोघा-चौघांनी ग्रुप सोडला, पण त्या दीडशेत एकानेही विचारलं नाही की बाबांनो, ते कोरणाऱ्याचं नाव माहीत आहे का?

कारण नाव माहीत आहे! दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कारागिराचं नाव, त्याच्या धंद्यासकट, आपल्याकडे शिल्लक आहे. आणि तो ग्रीक नव्हता. तिथे मी म्हटलं होतं की सवडीने लिहितो, म्हणून हे लिहितोय. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आधी जागा सांगतो, कारण आपल्याच भागातल्या कित्येकांनी पितळखोरा पाहिलेला नाही. चाळीसगावहून दक्षिणेला बघितलं की सातमाळा-अजिंठ्याची जी भिंत दिसते, तिच्यातच ही लेणी आहेत. आपल्या बाजूने पाटणादेवी, आणि पलीकडच्या बाजूने कन्नड तालुका. सरकारी नकाशात लेणी कन्नड तालुक्यात, म्हणजे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात. म्हणून जळगाववाले म्हणतात आमचं नाही, आणि तिकडच्यांकडे वेरूळ-अजिंठा असल्यावर पितळखोऱ्याला विचारतो कोण. पण इंग्रजांच्या काळात जे अभ्यासक आले ते चाळीसगाव स्टेशनावर उतरून पाटण्याच्या बाजूने यायचे. फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या १८८० च्या लेण्यांवरच्या मोठ्या ग्रंथात पितळखोरा आहे. जिल्ह्याची हद्द ही काल-परवाची गोष्ट. डोंगराला दोन बाजू असतात आणि एक बाजू आपली आहे, एवढं तरी मान्य करायला हरकत नसावी.

मी पहिल्यांदा गेलो तो पाटण्याच्याच बाजूने. जंगलाच्या कडेला एक म्हातारे बाबा गुरं घेऊन बसले होते. त्यांनी विचारलं, "काय देखाले चालनात भाऊ? तठे दगडंच शेतस." बाबांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. तिथे दगडच आहेत. आता ते दगड काय बोलतात ते बघू.

पितळखोरा ही बौद्ध भिक्खूंची राहण्याची आणि उपासनेची जागा. एका खोल घळीत, ओढ्याच्या दोन्ही अंगांना, एकूण चौदा लेणी. कन्नडकडून गेलात तर वरून पायऱ्या उतरून खाली जावं लागतं, आणि उतरताना शेवटपर्यंत काही दिसत नाही. मग एकदम समोर कातळात कोरलेली हत्तींची रांग. जणू सगळा विहार त्या हत्तींच्या पाठीवर उभा आहे. सुरुवात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली, म्हणजे अजिंठ्याचं दहाव्या नंबरचं सर्वात जुनं लेणं ज्या काळातलं, साधारण त्याच काळातली. अजिंठ्याची प्रसिद्ध चित्रं आणि मोठमोठ्या बुद्धमूर्ती त्यानंतर पाच-सहाशे वर्षांनी आल्या.

हा काळाचा मुद्दा नीट लक्षात ठेवा, कारण सगळा घोळ इथेच होतो. 'ग्रीक प्रभाव' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गांधारचा बुद्ध येतो: कुरळे केस, सरळ नाक, अंगावर चुण्यांचं वस्त्र. ती कला पेशावर-तक्षशिलेच्या बाजूची आणि बहुतांश इसवी सनानंतरची. पितळखोऱ्याचं मूळ काम त्याच्याही आधीचं आहे. तेव्हा बुद्धाची मूर्ती करण्याची पद्धतच नव्हती. स्तूप, बोधिवृक्ष, पावलं, रिकामं आसन अशा खुणांनी बुद्ध दाखवायचे. पितळखोऱ्याच्या चैत्यात नंतरच्या काळात खांबांवर बुद्धाची चित्रं रंगवली गेली, त्यांचे अंश अजून दिसतात, पण ते पुढच्या लोकांचं काम. तेव्हा इथे गांधारचा बुद्ध शोधू नका, सापडणार नाही.

मग इथे आहे काय?

चौथ्या नंबरच्या विहाराचं दार बघा. दाराच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे दोन द्वारपाल. हातात भाला आणि ढाल, आणि अंगात शिवलेला अंगरखा. त्या काळात आपल्याकडचा माणूस धोतर आणि उपरणं यातच दिसतो. राजा असो की शेठ, वरचं अंग उघडं आणि गळ्यात दागिने. मग हे अंगरखेवाले कोण? काही अभ्यासक म्हणतात वायव्येकडचे लोक, यवन किंवा शक. दाराच्या वर गजलक्ष्मी, म्हणजे कमळावर लक्ष्मी आणि दोन बाजूंनी पाणी घालणारे हत्ती. बाजूला पाच फण्यांचा नाग, ज्याच्या फण्यांतून पाणी पडावं म्हणून कातळात आतून नळी काढलेली आहे. (पावसाळ्यात दोन हजार वर्षांपूर्वी हे कसं दिसत असेल याचा विचार करून मी तिथे बराच वेळ नुसता बसून होतो.) आत गेलात की भिक्खूंच्या खोल्या, आणि खोल्यांच्या मधल्या खांबांवर उलट्या घंटेसारखी बैठक आणि तिच्यावर ते पाठीला पाठ लावलेले प्राणी. ग्रुपवर भांडण लावणारे हेच.

आता पंखांचं. घंटेच्या आकाराची बैठक आणि वर जोडीने बसवलेले प्राणी ही रचना मूळची इराणची. पर्सेपोलिस या इराणी सम्राटांच्या राजधानीतल्या महालांच्या खांबांवर असे जोडबैल आहेत. ते शहर इसवी सनापूर्वी ३३० मध्ये अलेक्झांडरने जाळलं. त्यानंतर इराणपासून थेट आजच्या अफगाणिस्तानापर्यंत ग्रीक राजे बसले, आणि त्यांच्या दरबारात इराणी, ग्रीक, स्थानिक अशी सगळी कलाकुसर एकत्र कालवली गेली. तिकडून ती मौर्यांकडे आली. अशोकाच्या स्तंभांवर घंटेची बैठक आहे, वर सिंह आहेत, हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे, कारण आपल्या नोटेवर ते सिंह आहेत. मौर्यांकडून ती सांची-भरहुतला गेली, आणि तिथून सह्याद्रीत. बेडशाच्या ओसरीतले खांब बघा, कार्ल्याचे बघा, नाशिकचे बघा, तीच घंटा आणि तेच जोडीचे प्राणी.

म्हणजे पितळखोऱ्याच्या पाथरवटापर्यंत ही रचना पोहोचली तेव्हा ती भारतात येऊन शंभर वर्षं उलटून गेली होती. त्याच्या लेखी ती परदेशी उरलीच नव्हती. माझं स्वतःचं मत विचाराल तर पितळखोऱ्यात काटेकोर अर्थाने 'ग्रीक' म्हणावं असं थोडं आहे. जास्त आहे ते पश्चिम आशियाचं, जे ग्रीक राजवटींच्या काळात आणि त्यांच्या रस्त्यांवरून फिरत आलं. 'ग्रीकांनी कोरलं' म्हणणारा चुकतो आणि 'बाहेरचं काहीच नाही' म्हणणाराही चुकतो.

त्या अंगरखेवाल्या द्वारपालांकडे बघून मला दर वेळी आपल्या लग्नातला बँड आठवतो. लाल कोट, सोनेरी झालर, खांद्यावर फुली, डोक्यावर टोपी. हा सगळा ड्रेस इंग्रजी पलटणीचा. उद्या दोन हजार वर्षांनी कुणी नुसत्या फोटोवरून म्हणालं की अमळनेरच्या लग्नात इंग्रज वाजवायला यायचे, तर आपण हसू ना? ड्रेस बाहेरून आला, वाजवणारा इथला, आणि गाणंही इथलंच. दारावर उभा राहणारा शिपाई जरा परका, जरा रुबाबदार दिसला पाहिजे, म्हणून दात्याने किंवा कारागिराने त्याला तो पेहराव दिला असेल. खरोखर एखादा यवन शिपाई बघूनही कोरला असेल. दोन्ही शक्य आहे. पण अंगरखा बघून कोरणाऱ्याची जात-जमात ठरवता येत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

१९५० च्या दशकात पुरातत्त्व खात्याने इथला ढिगारा उपसला. चौथ्या लेण्यासमोर वरून कोसळलेल्या दगडमातीखाली तो हत्तींचा थर, दार, पायऱ्या असं बरंच काही गाडलं गेलं होतं. काम केलं म. न. देशपांडे यांनी, जे पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले. त्यांचा सविस्तर अहवाल १९५९ मध्ये 'एन्शंट इंडिया'च्या १५ व्या अंकात आला. आपल्या गिरणाकाठच्या बहाळचं उत्खननही याच देशपांड्यांचं. खान्देशाने या माणसाची आठवण ठेवायला हवी, पण ते असो.

त्या उपसलेल्या ढिगाऱ्यात सुट्या मूर्ती सापडल्या. त्यातला एक यक्ष. बुटका, गुबगुबीत, पोट सुटलेला, डोक्यावर पात्र घेतलेला. आणि चेहऱ्यावर असं हसू की बघणाऱ्यालाही हसू यावं. त्याच्या हातावर ब्राह्मी अक्षरांत प्राकृत भाषेतला छोटासा लेख आहे: "कण्हदासेन हिरमकारेन कता". म्हणजे, कण्हदास सोनाराने केली.

बस्स, एवढंच. यात कुठला राजा आला नाही, कोणत्या देवाला वंदन नाही, की दानाचं पुण्य अमक्याला मिळो असंही काही नाही. केली कोणी, त्याचं नाव काय आणि धंदा काय.

आपल्या लेण्यांमध्ये लेख भरपूर आहेत, पण ते बहुतेक दात्यांचे. खांब दिला, टाकं दिलं, खोली दिली, आणि देणारा कोण. पैसे देणाऱ्याचं नाव दगडावर येतं आणि घाम गाळणाऱ्याचं येत नाही, ही रीत आजची नाही. (गावातल्या सभामंडपावरच्या संगमरवरी पाट्या वाचा, गवंड्याचं नाव दिसलं तर मला कळवा.) पितळखोऱ्यालाही दात्यांचे लेख आहेतच. पैठणच्या गंधिक घराण्यातला, म्हणजे अत्तर-सुगंधाचा व्यापार करणाऱ्या कुळातला मितदेव याने खांब दिला. पैठणच्याच संघकाच्या मुलांनी खांब दिला. राजवैद्य मगिल याच्या घरातल्या माणसांची दानं आहेत. राजाचा डॉक्टर दोन हजार वर्षांपूर्वी या घळीत दान देतो, ही काही साधी गोष्ट नाही. पण या सगळ्या बड्या मंडळींच्या गर्दीत कण्हदासाने आपलं नाव घालून ठेवलं आहे.

आणि तो सोनार आहे, पाथरवट नाही! सोनाराने दगडाची मूर्ती का करावी?

याला जोड सांचीत सापडते. सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर लेख आहे की विदिशेच्या दंतकारांनी, म्हणजे हस्तिदंताचं काम करणाऱ्यांनी, इथलं कोरीवकाम केलं. तो काळ असा होता की लाकूड, हस्तिदंत, सोनं यात शतकानुशतकं काम करणारे हात नुकते दगडाकडे वळत होते. पितळखोऱ्याचा चैत्य बघा, कमानीच्या फासळ्या लाकडी घराच्या असाव्यात तशा दगडात काढल्या आहेत. दगडात घडवण्याची सवय नवी, नक्षीची सवय जुनी. दात्याला बारीक काम हवं होतं आणि बारीक काम सोनाराला येत होतं. म्हणून त्या यक्षाचे कानातले, गळ्यातला हार, सगळं असं ठसठशीत आणि मोजून केलेलं आहे. दगडातला दागिना दागिन्यासारखा दिसतो, कारण तो घडवणारा एरवी खरे दागिने घडवत होता.

आता मला माहीत आहे, काही जण लगेच म्हणतील: कण्हदास, कान्हदेश, खान्देश! जुळलं! थांबा. कण्ह म्हणजे कृष्ण, आणि हे नाव त्या काळात सर्रास होतं. नाशिकच्या एकोणिसाव्या लेण्यात सातवाहन कुळातल्या कण्ह राजाचाच उल्लेख आहे. 'खान्देश' हे नाव कान्हदेशावरून आलं की फारुकी सुलतानांच्या 'खान' या पदवीवरून, यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भांडण चालू आहे. या बिचाऱ्या सोनाराला त्यात साक्षीदार म्हणून ओढू नका. मलाही मोह झाला होता, कबूल करतो.

देशपांड्यांनी आणखी एक मांडलं आहे. बौद्धांच्या 'महामायूरी' या ग्रंथात कोणत्या गावी कोणता यक्ष राहतो याची यादी आहे. तीत पितंगल्य नावाच्या जागी संकारिन नावाचा यक्ष आहे. हे पितंगल्य म्हणजेच पितळखोरा असावं, आणि दुसऱ्या शतकातल्या टॉलेमी या ग्रीक भूगोलकाराने दिलेलं पेट्रिगल हे गावही हेच असावं, असं त्यांचं मत. तसं असेल तर मजा बघा: एका ग्रीकाने आपल्या डोंगरातल्या या घळीचं नाव इजिप्तमध्ये बसून लिहिलं.

तर मग ग्रीक आपल्याकडे खरंच आले होते का? आले होते, आणि याचे पुरावे मूर्तीच्या नाकावरून नाही, लेखांवरून मिळतात. नाशिकच्या पांडवलेण्यांतलं सतरावं लेणं कोरवून घेतलं इंद्राग्निदत्त नावाच्या माणसाने. बापाचं नाव धम्मदेव. आणि तो स्वतःला म्हणवतो काय, तर उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा, योनक. योनक म्हणजे यवन, ग्रीक. दत्तामित्री हे शहर डेमेट्रियस राजाच्या नावाचं असावं असं मानतात. आता बघा, माणूस ग्रीक, नाव इंद्राग्निदत्त, बापाचं नाव धम्मदेव आणि पैसे दिले बौद्ध लेण्याला! कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकटच्या यवनांनी खांब दिले आहेत, त्यातल्या एकाचं नाव सिहधय. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याची टाकी दिली. हे लोक व्यापारासाठी आले, राहिले, इथली नावं घेतली, इथल्या देवधर्मात मिसळले. मध्य प्रदेशात विदिशेला हेलिओडोरस या तक्षशिलेच्या ग्रीक वकिलाने वासुदेवाचा गरुडस्तंभ उभारला, तो तर आजही उभा आहे. पण पितळखोऱ्याला खांब देणारे जे दाते वर सांगितले, ते पैठणचे.

आणि ते व्यापारी यायचे कुठून? आपल्याच दारातून. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराची माहितीपुस्तिका लिहिली, 'पेरिप्लस' म्हणून ती प्रसिद्ध आहे. लेखकाचं नाव माहीत नाही. त्यात तो म्हणतो की बारिगाझा, म्हणजे भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर. तिथला माल गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला येतो. पैठणहून अकीकाचे दगड, तगरहून कापड. आता नकाशा समोर ठेवा आणि भडोच ते पैठण रेघ ओढा. तापी आली, गिरणा आली, आणि मग ती अजिंठ्याची भिंत आली, जी कुठेतरी घाटाने चढायलाच हवी. प्रकाशे, बहाळ ही नदीकाठची गावं या मुलखातली जुनी वस्ती. बैलांना घाट चढायच्या आधी थांबा हवा, माणसांना पाणी आणि आसरा हवा, आणि चोरांच्या भीतीने कुणाचा तरी आधार हवा. अशा वाटांच्या नाक्यावर लेणी का आहेत याचं उत्तर इथे आहे. पैठणचा अत्तरवाला या घळीत खांब का देतो, याचंही.

त्याच पेरिप्लसमध्ये आणखी एक वाक्य आहे ज्यावर माझा फार जीव आहे. लेखक म्हणतो की भडोचच्या बाजारात अजूनही अपोलोडोटस आणि मिनँडर या राजांची जुनी, ग्रीक अक्षरांची नाणी चालतात. त्या नाण्याला ग्रीकमध्ये द्राख्मे म्हणत. संस्कृतात त्याचा 'द्रम्म' झाला. यादवांच्या ताम्रपटांत द्रम्म आहेत. आणि पुढे मराठीत त्याचा झाला 'दाम'. 'दाम करी काम' म्हणताना आपण ग्रीक शब्द वापरतो हे कुणाच्या गावी तरी असतं का? विहीर खोदताना लावतात तो 'सुरुंग', तोही ग्रीक 'सिरिंक्स'वरून आला असं भाषेचे अभ्यासक मानतात.

आता पुन्हा पाटण्याकडे या. डोंगराच्या एका अंगाला पितळखोरा, दुसऱ्या अंगाला पाटणा. पाटण्याचा शिलालेख आपल्याला भास्कराचार्यांमुळे माहीत आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून मठ काढला, निकुंभ राजांनी त्याला दान दिलं, शके ११२८ चा उल्लेख त्यात आहे. डॉ. भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा आपल्याला अभिमान आहे, असायलाच हवा. पण भास्कराचार्य ज्या परंपरेत शिकले त्या ज्योतिषात 'केंद्र' आहे, 'होरा' आहे, 'जामित्र' आहे, आणि हे तिन्ही शब्द ग्रीक आहेत. वराहमिहिराने तर यवनांना या शास्त्राबद्दल ऋषींसारखा मान द्यावा असं म्हणून ठेवलं आहे. केंद्र हा शब्द ग्रीक आहे म्हणून सिद्धांतशिरोमणी ग्रीकांनी लिहिला, असं कुणी म्हणत नाही. मग पंख इराणी आहेत म्हणून पितळखोरा ग्रीकांनी कोरला असं का म्हणायचं? डोंगराच्या दोन्ही अंगांना एकच गोष्ट घडली. लोकांनी उपयोगाचं ते घेतलं आणि त्यावर आपलं काम केलं.

कण्हदासाचा यक्ष आज पितळखोऱ्यात नाही. तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. काही वर्षांपूर्वी एका लग्नाच्या निमित्ताने दिल्लीला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम जाऊन बघितला. घरची मंडळी बाहेर ताटकळत होती आणि मी त्या बुटक्यासमोर उभा. खरं सांगतो, परमुलखात गावचा माणूस अचानक भेटावा तसं झालं. शेजारी एक शाळेची सहल होती, पोरं त्याच्या पोटाकडे बोट दाखवून हसत होती, आणि तोही हसत होता.

तो दिल्लीला नेला याबद्दल माझी तक्रार नाही. इथे उघड्यावर राहिला असता तर आज तो असता की नाही सांगता येत नाही. पितळखोऱ्याचा दगड ठिसूळ आहे, थराथराने सुटतो. चैत्याचा दर्शनी भाग पूर्वीच कोसळला, मूळच्या खांबांतले थोडेच उरले आणि बाकीच्या जागी सिमेंट आहे. वरून पाणी झिरपतं. एवढं करून उरलेल्या भिंतींवर आपली प्रेमी मंडळी बाण आणि बदाम कोरून जातात. कण्हदासाने मूर्ती करून नाव घातलं, हे लोक काहीच न करता नाव घालतात.

तक्रार वेगळी आहे. तो यक्ष दिल्लीत असला तरी त्याची एक चांगली प्रतिकृती खान्देशात का नसावी? धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, १९२७ पासून इतिहासाचं काम करणारी संस्था. जळगावला विद्यापीठ आहे. पाटणादेवीला हजारो लोक दर्शनाला येतात. या तीनपैकी कुठेही, हातावरच्या त्या अक्षरांसकट, खाली मराठीत अर्थ लिहून ती मूर्ती ठेवता येईल. साच्यावरून प्रतिकृती करणं ही आता काही अवघड विद्या राहिलेली नाही. लोकप्रतिनिधींना टॅग करायचं असेल तर खुशाल करा, पण आधी स्वतः एकदा जाऊन या.

जाणाऱ्यांसाठी: सरळ वाट कन्नडकडून आहे. चाळीसगावहून औट्रम घाट चढून कन्नड, तिथून कालीमठाच्या बाजूने लेण्यांपर्यंत रस्ता जातो. पाटणादेवीकडून जंगलातून जायचं तर हा गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचा भाग आहे, वनखात्याला विचारल्याशिवाय आणि वाटाड्या घेतल्याशिवाय जाऊ नका. ऐन पावसात घळीत उतरू नका, ओढा फुगतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास हिरवळही असते आणि पायऱ्याही कोरड्या असतात. पाणी आणि खाणं सोबत घ्या, आणि बॅटरी न्या, कारण चैत्यातली चित्रं अंधारात नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाहीत.

शेवटी एक. हे लिहायला घेण्याआधी जळगावच्या सराफ बाजारात माझ्या ओळखीचे एक जुने कारागीर आहेत, त्यांना मोबाईलवर त्या यक्षाचा फोटो दाखवला. हे काय, कुठलं, काहीच सांगितलं नाही. त्यांनी चष्मा वर केला, फोटो मोठा करून गळ्याजवळ बघितलं, मग कानाजवळ. म्हणाले, "हे दगड फोडणाऱ्याचं काम नाही. पत्र्यावर उठाव काढतात तसं काढलंय." मी म्हटलं, काका, हा सोनारानेच केलाय, दोन हजार वर्षं झाली, आणि त्याने नाव पण घातलंय. त्यांनी विचारलं, कुठे? म्हटलं, मूर्तीच्या हातावर.

काका जरा वेळ गप्प बसले. मग हातातली बांगडी उलटी करून आतला हॉलमार्कचा ठसा मला दाखवला आणि म्हणाले, "आमचं बघ, आत असतं. आणि तेही दुकानाचं."